एस्कोविच फिश: गाजर-कांदा मऊ का पडतो?

नमस्कार मंडळी,
गुड फ्रायडेला शेजारच्या जमैकन मावशींनी एस्कोविच फिश पाठवला होता, अख्खा तळलेला मासा आणि वर व्हिनेगरमधलं गाजर, कांदा, मिरची. घरी सगळ्यांना इतका आवडला की काल मीच केला, पण माशाची कातडी कढईला चिकटून सोलली गेली आणि गाजर-कांदा उकडल्यासारखा गिळगिळीत झाला. काकू, तुम्ही पिकनिकला आणला होतात ना? रवा लावायचा असतो का?

---

अगं, रवा अजिबात नको, हा काही आपला सुरमई फ्राय नाही. अख्खा रेड स्नॅपर घे, म्हणजे आपली तांबोशी, दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरक्या चिरा दे, लिंबाने धू, मीठ-मिरपूड आत चिरांतसुद्धा चोळ आणि मग किचन टॉवेलने टिपून टिपून इतका कोरडा कर की बोटाला ओल लागता कामा नये. तुझं इथेच बिनसलंय. तेल चांगलं तापू दे, मासा सोडला की हलवू नकोस, खालची बाजू कडक झाली की तो आपोआप सुटतो.

आता भाजी. ती शिजवायचीच नाही! एक कप पांढरं व्हिनेगर, मीठ, चमचाभर साखर, थाइमची काडी आणि पिमेंटोचे आठ-दहा अख्खे दाणे उकळ. पिमेंटो म्हणजे ऑलस्पाइस, दिसायला मिरीसारखा पण चावला की लवंग-जायफळ दोन्ही एकदम, तो वगळलास तर नुसतं आंबट लागेल. मग गाजराच्या काड्या, कांद्याच्या चकत्या, एक स्कॉच बॉनेट मिरची टाकून मिनिटभरात गॅस बंद, आणि लगेच गरम माशावर ओत, चर्र आवाज आला पाहिजे. मिरची चिरताना हातमोजे घाल हं, तिला वास फळासारखा गोड असला तरी भयंकर तिखट आहे.

हे मूळचं स्पॅनिश एस्काबेचे, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा; 1655 मध्ये इंग्रजांनी स्पॅनिशांकडून जमैका बेट घेतलं तरी पदार्थ तिथेच राहिला. गोव्याच्या रेशाद मसाल्यातलं व्हिनेगर पोर्तुगीजांचं, तसंच काहीसं. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिच्याजवळ हेलशायर बीचवर हा मासा बामीबरोबर खातात, ती कसाव्याची जाड भाकरी, ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याचीच, नारळाच्या दुधात भिजवून तळलेली. मिळाली तर नक्की आण.

आणि घाईने वाढू नकोस, निदान दोन तास मुरू दे, रात्रभर मुरला तर आणखी छान.

---

काकू, केला! कातडी अख्खी राहिली आणि गाजर कुरकुरीत. रात्री झाकून ठेवला, सकाळी माशाचं शेपूटसुद्धा आंबट झालेलं आणि धाकट्याने तळाशी राहिलेला कांदा पावाबरोबर नुसताच खाल्ला, मिरचीने नाक वाहत होतं तरी बशी सोडेना. पिमेंटोचे दाणे मावशींनीच दिले, घरी त्या बरणीभर ठेवतात म्हणे.