खान्देशात तुम्ही कशावर फिरता? गाडी, रस्ता आणि ऊन : अनुभव सांगा

गिरणाकाठ (जळगाव)

गाड्यांचा विषय निघाला की गप्पा पुण्या-मुंबईकडे वळतात. मेट्रो, पार्किंग, ऑफिसला लागणारा वेळ. आपल्याकडचा हिशेब निराळा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, गावातलं अंतर थोडं आणि गावागावांतलं मोठं, त्यात महामार्ग थेट शहराच्या पोटातून गेलेला. माझं मत आधीच सांगतो : खान्देशात गाडी घेताना रंग, पिकअप, फीचर सगळं नंतर. आधी ऊन बघायचं.

जळगावात खोटेनगर ते कालिंका माता चौक या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला शाळा असो की दवाखाना, सुरत-नागपूर महामार्ग ओलांडावाच लागतो. प्रभात चौक, दादावाडी, गुजराल पंप इथे भुयारी मार्ग झाल्यापासून लेकरांना सोडताना जीव थोडा भांड्यात पडतो. पण दोन भुयारी मार्गांच्या मधे राहणारे अजूनही उलट्या बाजूने गाडी घालतात, आणि समोरून कापसाचा ट्रक येतो. जड वाहनं पाळधी-तरसोद बाह्यवळणानेच गेली पाहिजेत, याबाबत मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

तुमच्या गावात काय? कोणती गाडी, कुठला रस्ता, काय टिकलं, काय नाही, सविस्तर लिहा.

पानापेटी (अमळनेर)

माझं गॅरेज आहे, त्यामुळे माझं लिहिणं लांबेल.

उन्हाळ्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते टायर. हवा सकाळी भरा, चाक थंड असताना. दुपारी चोपड्याहून आलेल्या गाडीची हवा मोजली तर ती जास्तच दिसणार. ती बघून लोक हवा सोडतात आणि रात्री टायर बसतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापलेल्या डांबरावर तोच फुटतो. कंपनीने जो आकडा लिहिलाय तो थंड टायरचा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरं पेट्रोल. आपल्याकडे पन्नास-शंभरचं पेट्रोल टाकून फिरायची सवय आहे. जुन्या कार्बोरेटरच्या स्प्लेंडरला ते चालून जायचं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला, बाईकला कार्बोरेटरऐवजी एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शन आलं, आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत गेला. तो पंप थंड राहतो आजूबाजूच्या पेट्रोलमुळेच. टाकी सतत तळाला ठेवून भर उन्हात गाडी पळवली की पंपाचं आयुष्य कमी होतं, आणि नवा पंप काही स्वस्त नसतो. गिऱ्हाइकाला मी हात जोडून सांगतो, भाऊ, उन्हाळ्याचे दोन महिने तरी टाकी अर्धी ठेव.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलबद्दल रोज कुणीतरी विचारतं. अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, हे खरं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या पेट्रोलच्या हिशेबानेच बनल्यात, त्यांची काळजी नको. त्याआधीची गाडी असेल तर रबरी पाइप आणि वॉशर वर्षातून एकदा बघून घ्या. इथेनॉल ओल धरतं, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा.

सनकोटवाली (पाचोरा)

दादा, टाकीचं माहीत नव्हतं, आजच भरून आणते.

मी रोज जळगावला अप-डाउन करते. घरापासून स्टँडपर्यंत स्कूटी, पुढे एसटी. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींचा महिन्याचा हिशेब बदलला. आधी आमच्या वर्गातल्या दोघी भाड्यापायी कॉलेज सोडायच्या बेतात होत्या. गाड्यांच्या गप्पांत एसटीचं नाव कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

स्कूटीचं म्हणाल तर उन्हाळ्यात सनकोट, स्कार्फ, हातमोजे आणि वर हेल्मेट. स्कार्फवर हेल्मेट बसत नाही म्हणून मैत्रिणी ते डिकीत ठेवतात. एक माप मोठं घेऊ नका, ते डोक्यावर हलतं. पातळ सुती स्कार्फ बांधून दुकानात जा आणि तसंच घालून बघून घ्या.

पांझरा (धुळे)

मी सायकलवाला. वय साठीच्या पुढे.

जुनं धुळं सायकलसाठीच आखलंय असं मला कायम वाटत आलंय. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने पांझरेच्या दक्षिण काठाला नवी पेठ आखली. आमच्या गल्ल्या सरळ आणि त्यांना नावाऐवजी नंबर. पाव्हण्याला पत्ता सांगायला सोपा. आग्रा रोडला संध्याकाळी चारचाकी घालणारा माणूस मला कळत नाही. तीच वस्तू आणायला सायकलवर मी जाऊन येतो, तोवर तो जागा शोधत असतो.

पण देवपूरला जायचं झालं की पूल आला, आणि पुलावर सायकलवाल्याला कुणी मोजत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्या चौफुल्यांवर तर मी सायकल हातात धरूनच रस्ता ओलांडतो. या वयात दहा मिनिटं उशीर झाला तर काय बिघडतं?

बोर्डिंगची बाई (धडगाव)

इथे शहरच नाही, पण फिरण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटातून यावं लागतं. पावसाळ्यात दरड आली की घाट बंद, मग लांबचा फेरा. चढ निघून जातो, कस उतारावर लागतो. नवीन शिक्षक येतात आणि पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून खाली सोडतात. घाटात हे करू नका हो. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसता ब्रेक दाबून उतरलात तर तो तापतो आणि नेमका वळणावर दगा देतो.

बाकी आमचा खरा आधार जीपच. आठवडे बाजाराच्या दिवशी माणसं, कोंबड्या, तेलाचे डबे सगळं एकाच गाडीत. दाटीने बसवणं धोक्याचं आहे, ते मला कळतं. पण रात्री बाळंतिणीला खाली न्यायची वेळ येते तेव्हा त्याच जीपवाल्याचं दार वाजवतात, आणि तो उठून येतो. पैशाचं त्या वेळी विचारतसुद्धा नाही.

घड (रावेर)

ताई, जीपवाल्यांबद्दल शंभर टक्के खरं.

आमच्याकडे गाडी म्हणजे केळी. शेतातून घड आणायचा, त्याला धक्का लागता कामा नये. डाग पडला की भाव पडला. म्हणून मला बाईकच्या सीसीपेक्षा शेताच्या रस्त्याची काळजी जास्त. छोटा हत्ती घेतला तेव्हा वडील म्हणाले, बैलगाडीत माल कमी खराब व्हायचा. रस्ता तोच खड्ड्यांचा ठेवून नुसता वेग वाढवला तर त्यांचंच म्हणणं खरं ठरतं. आता घडाखाली पाल्याचा जाड थर टाकतो आणि बांधापासून डांबरी लागेपर्यंत पहिल्या गिअरवर चालतो.

जंक्शन (भुसावळ)

इलेक्ट्रिक स्कूटर वापरतो, दोन उन्हाळे बघितले. गावातल्या गावात हिच्यासारखी गाडी नाही. फक्त भर दुपारी फिरून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही. बॅटरीला उष्णता सोसत नाही. सावलीत गार होऊ द्यायची आणि रात्री लावायची. डबलसीट आणि वरून ऊन असेल तर कंपनीने सांगितलेल्या अंतरावर विसंबून जळगावला निघू नका.

शिरूड (धुळे)

कुणी रेल्वेचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. चाळीसगाव-धुळे लाइन १९०० सालची. आता मेमू, म्हणजे विजेवरची लोकल धावते. मी चाळीसगावला नोकरीला, बाईक स्टेशनवर लावून गाडी धरतो. त्याच रस्त्याने बाईकवर जायचो तेव्हा कन्नड घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे धूळ खात जायचो. आता डब्यात भजनी मंडळ आहे, पत्ते आहेत, आणि चढताना कुणीतरी म्हणतंच, "बठा आप्पा, जागा करस मी."

पानापेटी (अमळनेर)

शिरूड भाऊ, बाईक दिवसभर स्टेशनवर उन्हात उभी असेल तर सीटवर पांढरा कपडा टाकत जा आणि चेनला आठवड्याला तेल द्या. उन्हाने ग्रीस सुकतं.

जंक्शन, तुमच्या स्कूटरची बॅटरी कोणत्या प्रकारची आहे? एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर ती उन्हाला जास्त दमाची. माझा भाचा घ्यायच्या विचारात आहे, दोन उन्हाळ्यांनंतर अंतर किती उतरलं तेवढं सांगा.