पांढऱ्या कडांच्या ॲरॅबिसमध्ये हिरवी पाने वाढत आहेत

प्रश्न (एडिंबरा)
घरामागच्या उतारावर तीन वर्षांपूर्वी दगड रचून मी लहानसे रॉक गार्डन केले आणि त्यात कॉकेशसकडच्या ॲरॅबिस या जमिनीलगत पसरणाऱ्या रोपाचा ‘व्हेरिगेटा’ हा प्रकार लावला. वसंतात त्याला पांढरी फुले येतात, परंतु माझा जीव जडला आहे तो त्याच्या सायीच्या रंगाच्या कडा असलेल्या पानांवर, कारण फुले गेल्यावरही ती दगडांमध्ये उजळ दिसतात. यंदा मात्र दीड फूट पसरलेल्या या रोपात पूर्ण हिरव्या पानांचे दोन झुपके वाढले आहेत, आणि उताराच्या तळाशी असलेला भाग हिवाळ्यात कुजला. थंडी सोसणारे रोप असे का कुजावे, आणि हिरवी पाने पुन्हा पांढऱ्या कडांची होतील का?

उत्तर (लीड्स)
आपोआप होणार नाहीत. या रोपाच्या वाढत्या शेंड्यात पेशींचे थर असतात आणि त्यांपैकी एका थरात हरितद्रव्य नसते, म्हणून कडा पांढरट दिसते. एखाद्या फुटव्यात हा थर नाहीसा झाला की तो फुटवा हिरवाच वाढतो, आणि अधिक हरितद्रव्यामुळे जोमदार असल्याने शेजारच्या फुटव्यांना झाकून टाकतो.

तरीही कात्री लावण्यापूर्वी हिरवा झुपका बोटांनी अलगद बाजूला करून तो कोठून निघाला आहे ते पाहावे. तो जुन्या फांदीवरच असेल, तर पांढऱ्या कडांची पाने जेथे संपतात त्याच्या खाली कापावा. तो फांदीला जोडलेला नसून त्याला स्वतःचे मूळ असेल, तर ते बहुधा बीजापासून उगवलेले वेगळे रोप आहे, कारण बियांतून हा रंग उतरत नाही. असे रोप मुळासकट उपटावे आणि पुढील वर्षापासून फुले ओसरताच, बी धरण्यापूर्वी, झाड छाटावे. नवी रोपे छाट कलमानेच करावीत. त्यासाठी पूर्ण पांढरा फुटवा मात्र घेऊ नये. हरितद्रव्याविना तो स्वतंत्रपणे जगत नाही.

उत्तर (ॲबर्डीन)
कुजण्याचे कारण थंडी नसून साचलेला ओलावा आहे. पर्वतावर हे रोप खडकांच्या फटीत वाढते, जेथे पाणी थांबत नाही. आपल्याकडे हिवाळाभर पाऊस पडतो आणि उताराचे पाणी तळाशी जमते. तेथील माती काढून तिच्यात निम्मी बारीक खडी मिसळावी, आणि पानांच्या खाली, मानेभोवती (खोड मातीतून वर येते तेथे), दोन-तीन सेंटिमीटर खडीचा थर द्यावा. खताचा मोह टाळावा, कारण सकस मातीत हे रोप लुसलुशीत होते आणि लवकर सडते. उरलेला निरोगी भाग हलवू नये असे मला वाटते. त्याऐवजी फुलांनंतर पाच-सहा छाटे खडीमिश्रित मातीत लावून ठेवावेत, म्हणजे जुने रोप गेले तरी प्रकार हातचा जाणार नाही.

प्रश्नकर्ती (एडिंबरा)
आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी पाहिले. एका झुपक्याला स्वतःचे मूळ होते, तो उपटला. दुसरा जुन्याच फांदीवर होता, तो कापला. छाटे तयार करताना एक पूर्ण पांढरा फुटवाही सापडला, तो वगळून सहा छाटे कुंडीत लावले आहेत. तळाची माती या शनिवारी काढेन.