मदत हवी आहे: टांझानियातल्या लुथरन मंडळीत आमचं पहिलं ईस्टर, काय तयारी करावी?

नगरकरीण

सर्वांना जय ख्रिस्त. मिशनच्या कामासाठी आम्ही चौघं (मी, यजमान, 9 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा) मार्च 2027 च्या पहिल्या आठवड्यात टांझानियाला जात आहोत. मुक्काम मोशी शहराच्या वर, किलिमांजारोच्या उतारावरच्या एका गावात. तिथली मंडळी लुथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या परंपरेतली; आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. पोहोचून तीन आठवडे होतात न होतात तोच ईस्टर, 28 मार्चला. स्वाहिली जेमतेम नमस्कारापुरती येते.

उपासना किती वाजता असते आणि किती वेळ चालते? आम्हाला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेता येईल का? कपडे कसे, दान कसं द्यायचं, लहान मुलाला कसं सांभाळायचं? शिवाय तिथल्या पाळकांनी कळवलंय की त्या दिवशी पाहुण्यांनी एक गाणं म्हणावं. मराठी गाणं चालेल का? माहीतगारांनी नेमकं काय करायचं ते सांगावं ही विनंती.

उगवतीचा_तारा

ताई, सगळ्यात आधी घड्याळ समजून घ्या, कारण नवखी माणसं पहिल्यांदा तिथेच चुकतात. स्वाहिलीत तास मोजतात ते उजाडल्यापासून. सकाळचे 7 म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. सकाळचे 10 म्हणजे 'सा न्ने', चौथा तास. पहाटेचे 5 म्हणजे 'सा कुमी ना मोजा अल्फाजिरी', अकरावा तास. कुणी 'सा न्ने' म्हणालं आणि तुम्ही चार धरलेत तर सगळा दिवस हुकेल. काट्यांच्या घड्याळात तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा, तोच स्वाहिली तास. मात्र 'अल्फाजिरी' (पहाट), 'असुबुही' (सकाळ), 'जिओनी' (संध्याकाळ) यांतला कोणता शब्द जोडलाय ते नीट ऐका, नाहीतर पहाटेचे पाच आणि संध्याकाळचे पाच यांत गल्लत होते.

आपल्याकडे शुभ शुक्रवारी 'सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला' हे वाचलं की सहावा तास म्हणजे दुपारचे बारा, हे पाळकांना समजावून सांगावं लागतं. तिथे गरजच पडत नाही. स्वाहिली बायबलात 'सा सिता' ते 'सा तिसा' असंच आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळातले बारा आणि तीन वाजलेले असताना लोक आजही हेच शब्द वापरतात. त्या दिवशी हा पाठ कान देऊन ऐका.

आता आठवडा. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक. गुरुवारी, म्हणजे 'अल्हामिसी कू'ला, संध्याकाळी प्रभुभोजन. शुक्रवार 'इजुमा कू', देशभर सुट्टी. वेदीवर काळं वस्त्र, उपासना लांब आणि गंभीर. त्या दिवशी टाळ्या नाहीत, फोटो तर मुळीच काढू नका. अनेक जुन्या मंडळ्यांत शुक्रवारीही प्रभुभोजन असतं. रविवारी 'पासाका': पांढरं वस्त्र, फुलं, केळीची पानं, आणि शुक्रवारी दाबून ठेवलेलं सगळं मोकळं होतं. सोमवारीही सुट्टी आणि उपासना असते, पुष्कळ ठिकाणी बाप्तिस्मे त्या दिवशी ठेवतात. म्हणून रविवारचीच तयारी करून जाऊ नका. शुक्रवार चुकवला तर रविवारचा आनंद अर्धाच कळतो.

खडूफळा

वरच्यात भर घालतो. रविवारी एक पहाटेची उपासना असू शकते, काही ठिकाणी ती दफनभूमीत किंवा चर्चच्या अंगणात होते. तुमच्या मंडळीत आहे का ते पाळकांना आताच विचारून ठेवा. मार्चअखेर मोशीकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पाच-साडेपाचला निघताना काळोख असतो. टॉर्च घ्या. 'मासिका' म्हणजे मोठा पाऊस तेव्हा सुरू झालेला असतो. डोंगरउतारावरची लाल माती भिजली की बुटाचा तळ धरत नाही. रबरी गमबूट घालून चालत जा, चांगल्या चपला पिशवीत ठेवा आणि दारात बदला. वरच्या गावांत पहाटे गारवा असतो, मुलांना स्वेटर लागेल.

डास चावण्याची वेळही नेमकी हीच, तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत. पूर्ण बाह्या, मोजे, मलम. मलेरियाची प्रतिबंधक गोळी कोणती ते प्रवासाआधी महिनाभर डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात. चार वर्षांच्या मुलाचा डोस वजनावर ठरतो, आणि डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत.

सामान भरताना अजून एक: टांझानियात 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. भेटवस्तू कापडी पिशव्यांत बांधा.

पवित्रपाठ

प्रभुभोजनाबद्दल. तिथली मंडळी म्हणजे टांझानियाचं इव्हँजेलिकल लुथरन चर्च, स्वाहिली आद्याक्षरांनी 'केकेकेटे'. 1963 मध्ये सात लुथरन चर्चं एकत्र येऊन ते झालं. किलिमांजारोवर लुथरन काम 1893 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग मिशनने सुरू केलं, आणि पितळी वाद्यांची पथकंही जर्मनांकडूनच आली. रविवारी तुतारीसारखा आवाज ऐकून मुलं दचकतील, त्यांना आधी सांगून ठेवा.

प्रभुभोजन दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, कन्फर्मेशन) झालेल्यांनाच देतात. त्यामुळे दोघांचं बाप्तिस्म्याचं आणि दृढीकरणाचं प्रमाणपत्र आणि नगरच्या पाळकांचं तुमची ओळख देणारं पत्र घेऊन जा. पत्र मंडळीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणि तारखेसह हवं. शिक्का नसलेल्या पत्राला तिथे फारशी किंमत नाही. ते ईस्टरच्या आदल्या शनिवारी हातात देऊ नका. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात द्या, म्हणजे मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत ते वाचलं जातं आणि प्रश्न सुटतो.

रचना समजून घ्या. मोठी मंडळी म्हणजे 'उशारिका', तिच्याखाली वाड्यावस्त्यांवरच्या लहान मंडळ्या, 'म्ताआ'. 'म्ताआ'त बहुधा सुवार्तिक ('म्विंजिलिस्ती') उपासना चालवतो आणि प्रभुभोजनासाठी पाळक ('म्चुंगाजी') यावे लागतात. ईस्टरला एकाच पाळकांना चार ठिकाणी जायचं असतं. तुमच्या घराजवळची मंडळी 'म्ताआ' असेल तर पाळक कुठे, किती वाजता आहेत ते गुरुवारीच विचारा. मुलं वेदीपाशी येऊ शकतात का, तेही तेव्हाच. काही ठिकाणी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात.

नगरकरीण

मनापासून आभार. घड्याळाचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. मुख्य उपासना सकाळी दहाची असेल तर संपते कधी? मुलगा चार तास बसणार नाही. दानाचंही कुणीतरी सांगा.

उगवतीचा_तारा

तीन तास धरून चला, ईस्टरला चार. वेळ जातो तो गायनवृंदांत. मुख्य वृंद, तरुणांचा, स्त्रियांचा, शाळकरी मुलांचा, आणि प्रत्येकाने महिनोन्‌महिने ईस्टरची गाणी बसवलेली असतात. एकही वगळत नाहीत, वगळूही नयेत. त्यानंतर सूचना, 'मातांगाझो', अर्धा तास सहज. पाहुण्यांची ओळख याच वेळी होते, म्हणून तेव्हा बाहेर जाऊ नका.

मुलाला घेऊन मागच्या दाराजवळ बसा, पण पहिल्याच रविवारी तुम्हाला पुढच्या खुर्च्यांवर बसवतील. नकार देऊ नका. यजमानांनी पुढे बसावं, तुम्ही मुलासह कडेला. आत खाणंपिणं नको, झाडाखाली नेऊन भरवा. संडास खड्ड्याचा असतो, कागद आणि पाणी सोबत ठेवा. रविवारची शाळा बहुधा मुख्य उपासनेआधी किंवा दरम्यान चालते, तुमची मुलगी दोन रविवारांत तिथे रुळेल. दोघांनाही एकच शब्द पाठ करून घ्या: थोरांना 'शिकामो'. थोर माणूस 'माराहाबा' म्हणतं. हे न म्हणणारं मूल तिथे बिनवळणाचं समजतात, परदेशी असलं तरी.

पैपाहुणा

दान. गोळा करायला थाळी फिरत नाही. रांगेरांगेने उठून, गात, पुढच्या टोपलीत टाकायचं. दान एकदाच नसतं: नेहमीचं, आभाराचं, आणि ईस्टरचं वेगळं. घरातून निघताना प्रत्येकासाठी तीन वाटे करून ठेवा. मुलांना 100 आणि 200 शिलिंगांची नाणी, मोठ्यांना 1000, 2000, 5000 च्या नोटा. सगळ्या नोटा 10000 च्या ठेवल्यात तर पंचाईत होते. नोंदणी झाल्यावर नाव-क्रमांकाचं पाकीट मिळेल, तुमचं नियमित दान त्यातून द्या.

मग बाहेर 'म्नाडा', लिलाव. आपल्याकडच्या हंगामाच्या सणाला असतो तसाच, पण तिथे दर रविवारी. ज्यांच्याकडे रोकड नसते ते कोंबडी, अंडी, केळीचा घड, मका, दुधाची बाटली आणतात. शेवटच्या गीताबरोबर सगळे ओळीने बाहेर पडून अंगणात उभे राहतात, आशीर्वाद होतो आणि लिलाव सुरू. पुकारा तीनदा, मग वस्तू घेणाऱ्याची. पैसे लगेच रोख. पुष्कळदा घेणारा तीच वस्तू परत देतो आणि ती पुन्हा लिलावात जाते, किंवा एखाद्या आजीला भेट मिळते. बोली लावायची नसेल तर हात वर करून फोटो काढू नका, तुमच्या नावावर कोंबडी येईल.

खडूफळा

इथे माझं ठाम मत आहे. पाहुण्यांनी उत्साहाने पहिल्याच वस्तूला मोठी बोली लावू नये. अंड्यांची किंमत बाजारभावाच्या पाचपट केलीत की शेजारची मावशी गप्प होते. तिला 500 शिलिंगांनी बोली वाढवण्यात जो आनंद आणि मान आहे तो तुम्ही काढून घेता. दोन-तीन वस्तू जाऊ द्या, आकडा कुठवर जातो ते बघा, मग एखादी घ्या आणि घ्याल ती परत द्या किंवा कुणाला तरी द्या. मुलांना खाऊ-पैसे वाटत फिरणंही टाळा. काही द्यायचं असेल तर पाळकांमार्फत.

पैपाहुणा

पटलं. बोलीबाबत माझ्या लिहिण्यात हे राहून गेलं होतं.

सुरपेटी

गाणं मराठीच म्हणा! तिथे त्याचा फार आनंद होईल. कारणही सांगते. पूर्व आफ्रिकेत भारतीय माणसाला 'म्हिंदी' म्हणतात आणि तो हिंदू किंवा मुसलमान दुकानदार असणार असं सहसा गृहीत धरतात. गोवेकर कॅथलिक तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण डोंगरावरच्या खेड्यात भारतीय प्रोटेस्टंट कुटुंब म्हणजे नवलच. आपल्या भाषेत प्रभूचं गाणं गाणारे भारतीय दिसले की लांबलचक ओळख करून द्यावीच लागत नाही.

निवड अशी करा. ध्रुपद दोन ओळींचं, स्वरान्त शब्दांचं, 'येशू' किंवा 'हालेलुया' असलेलं. स्वाहिलीत प्रभूचं नाव 'येसू' आहे, लोक लगेच उचलतात. दादऱ्यातली चाल घ्या. सहा मात्रांचा झोल तिथल्या ढोलकऱ्यांना ओळखीचा असतो. तीन मिनिटांच्या वर नको, दोन कडवी पुरेत. खंजिरी किंवा टाळ न्या, पेटीचा खटाटोप करू नका. ध्रुपद दुसऱ्यांदा आलं की मंडळी आपणहून चार आवाजांत साथ धरतील. आपल्या एकाच सुरात गायच्या भजनाला असं खालून आधार देणारे स्वर मिळाले की गाणारा बिचकून थांबतो. थांबू नका, आपला सूर धरून ठेवा. बायका 'विगेलेगेले' म्हणजे जिभेने उंच किलकारी करतील, ती दाद आहे. मुलाला आधी ऐकवून ठेवा.

गाण्याआधी तीन वाक्यं, एवढीच: 'ब्वाना येसू असिफिवे.' प्रभू येशूची स्तुती असो. मंडळी 'आमिना' म्हणेल, तिथे थांबा. 'सिसी नि वाक्रिस्तो कुतोका इंडिया.' आम्ही भारतातले ख्रिस्ती. 'तुनालेता सलामू कुतोका कनिसा लेतू.' आमच्या मंडळीचा सलाम आणलाय. हा सलाम विसरू नका, तो न आणणारा पाहुणा अर्धाच आलेला असतो. शब्दावरचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. आणि त्या दिवशी कुणी 'ब्वाना अमेफुफुका' (प्रभू उठला आहे) म्हणालं तर उत्तर 'अमेफुफुका क्वेली', खरोखर उठला आहे.

नगरकरीण

सुरपेटी ताई, हे छापून भिंतीवर लावणार! शेवटचं: साडी चालेल का? आणि जेवायला बोलावलं तर काय न्यायचं? रंगवलेली अंडी मुलांसाठी करू का?

पवित्रपाठ

साडी उत्तम, पण चिखलात काठ बुडेल. दोन बोटं वर नेसा आणि साधी सुती घ्या. पॅन्ट किंवा गुडघ्यावरचा झगा स्त्रियांनी चर्चला घालू नये. यजमानांना पूर्ण पॅन्ट, शर्ट. कुणी 'खांगा' (बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड) भेट दिली तर त्याच दिवशी खांद्यावर घ्या. तुम्ही विकत घेऊन देणार असाल तर काठावर छापलेली ओळ आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. प्रत्येक खांग्यावर एक म्हण असते आणि काही चांगल्याच टोचणाऱ्या असतात.

रंगीत अंड्यांची प्रथा खेड्यात नाही. घरात करा, चर्चमध्ये नेऊ नका.

जेवणात पिलाव, केळी घातलेलं मटण, चपाती, दुधाचा चहा. पिलावात जिरं, वेलची, दालचिनी, लवंग असते, मुलांना परकं वाटणार नाही. हात धुवायला पाणी त्या घरचे लोकच घालतात, उजव्या हाताने जेवा. सोबत किलोभर साखर, चहापत्ती आणि एक साबण, कापडी पिशवीत, आणि पिशवी घरातल्या आईच्या हातात. निघताना तिने पिशवी रिकामी परत दिली नाही, आत केळी किंवा अंडी घातली, तर घ्या. नको म्हणू नका.