मॉर्किओ सिंड्रोम: लेकीच्या उंचीसाठी काही करता येईल का?

लेकीचीआई_भांडुप:
नमस्कार. माझी मुलगी ५ वर्षांची, सिनियर केजीत आहे. चालायला लागल्यापासून गुडघे एकमेकांवर घासतात, छातीचं हाड पुढे आलंय. जवळच्या दवाखान्यात मुडदूस म्हणून व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम चालू होतं, फरक शून्य. लघवीची तपासणीही नॉर्मल आली होती. शेवटी रक्तातल्या एन्झाइमची आणि जनुकाची तपासणी झाली आणि मॉर्किओ टाइप ए निघाला, म्हणजे हाडं नीट न वाढण्याचा जन्मजात आजार. आमच्या दोन्ही घरांत असं कुणी नाही. सासूबाई गावाकडच्या मालिशवाल्या मावशींना बोलावू म्हणतात, दीर उंची वाढवायच्या पावडरीचा डबा घेऊन आले. ग्रोथ हॉर्मोनने उंची वाढेल का? गुडघ्यांचं ऑपरेशन लगेच करून टाकायचं का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. रात्र रात्र झोप लागत नाही.

वृंदा_दादर:
ताई, मला स्वतःला मॉर्किओ आहे. उंची ३ फूट ५ इंच, फोर्टला नोकरी करते. तुमच्या पोस्टमध्ये उंची आहे, गुडघे आहेत, पण मान कुठेच नाही. आधी मान बघा.

मानेच्या दुसऱ्या मणक्याला वर खुंटीसारखं एक हाड असतं, त्याच्याभोवती पहिला मणका फिरतो. आपल्यात ते हाड नीट तयारच होत नाही, वर सांधे सैल. मग मणके सरकतात आणि मज्जारज्जू दाबला जातो. दुखेलच असं नाही, म्हणून पोर सांगत नाही. तुम्हीच लक्ष ठेवायचं: आधी नाक्यापर्यंत चालायची आणि आता कडेवर घे म्हणते का, जास्त पडते का, हातातून वस्तू सुटतात का, लघवीवरचा ताबा गेलाय का. मी चाळीचा जिना चढताना मध्येच बसायला लागले, ते आईच्या नजरेत आलं. तेव्हा मणके जोडायचं ऑपरेशन झालं. आज मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं, पण मी माझ्या पायांवर चालते.

मानेचा एमआरआय आणि मान वाकवून-ताणून काढलेले एक्स-रे, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. एवढ्या लहान मुलीला एमआरआयसाठीही भूल लागू शकते. मॉर्किओत भूल देणं जोखमीचं असतं, श्वासनलिका अरुंद आणि मान मागे वाकवायची नाही. त्यामुळे दात काढायचा असला तरी हा आजार माहीत असलेलेच भूलतज्ज्ञ हवेत. गुडघ्यांसाठी वाढीच्या वयात प्लेट बसवून पाय सरळ करतात, पण त्याआधी मानेचा निकाल लागू दे.

ग्रोथ हॉर्मोनचा उपयोग नाही. दोष हॉर्मोनमध्ये नाही. जीएएलएनएस नावाचं एन्झाइम नसल्यामुळे केराटन सल्फेट नावाचा पदार्थ मोडला जात नाही आणि कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांच्या मऊ भागात, साचत जातो. पावडर परत द्या.

मंदार_मुलुंड:
आमच्या मुलालाही टाइप ए आहे. घराण्यात कुणी नाही याचं कारण आई-वडील दोघेही नुसते वाहक असतात, म्हणजे दोष एकाच जनुकात असतो आणि जोडीतलं दुसरं चांगलं असतं, त्यांना काही होत नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार असण्याची २५ टक्के शक्यता असते, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा.

औषध आहे: इलोसल्फेज अल्फा, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. दर आठवड्याला सलाईनमधून देतात. चालण्याची ताकद वाढायला मदत होते, वाकलेली हाडं सरळ होत नाहीत. खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, परळचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. तुमच्या मुलीला काय लागू होतं ते तिथे विचारा. बुटकेपणा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्जही करून ठेवा. डोळे, कान आणि हृदयाच्या झडपा दरवर्षी तपासून घ्या.

लेकीचीआई_भांडुप:
मनापासून आभार. मानेबद्दल आम्हाला कुणी इतकं सांगितलंच नव्हतं. मावशींनी फक्त पायांना मालिश केली तर चालेल का? आणि शाळेतून काढू का?

वृंदा_दादर:
तेल हलक्या हाताने लावा, ओढाताण अजिबात नको, सांधे आधीच सैल आहेत. मान आणि डोकं तर कुणाच्याच हाती देऊ नका.

शाळेतून मुळीच काढू नका! बुद्धीला काहीही झालेलं नाही. मनगट लुळं पडतं म्हणून पेन्सिल सुटते, अक्षर बिघडतं. मी अजूनही लिहिताना मनगटाला पट्टा बांधते आणि जाड पेन वापरते. तिच्या बाईंना आधीच सांगा, म्हणजे आळशी म्हणणार नाहीत. बाटली सहज उघडेल अशी द्या, बाक खाली, पायांखाली पाट. पीटीच्या सरांना डॉक्टरांचं पत्र द्या: कोलांटउडी नाही, ट्रॅम्पोलिन नाही, धक्काबुक्कीचे खेळ नाहीत. पोहणं मानेचा रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा, मला त्याचा फार फायदा झाला.

एमआरआय झाला की इथे लिहा. केईएमला पहिल्यांदा जाताना सोबत हवी असेल तर मी येईन.