व्ही-८चा शेवटचा अल्बम फेकून देण्यासारखा? काहीही!

रिकामटेकडा:
काल इथे एकाने फर्मान काढलं, 'अर्जेंटिनाच्या व्ही-८ या हेवी मेटल बँडचे पहिले दोन अल्बम ऐका, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका, ते प्रवचन आहे.' डोकंच फिरलं. १९८६चा 'एल फिन दे लोस इनिकुओस' एका दमाचा नाही, कबूल. काही गाणी उगाच ताणलीत. पण मिगेल रोल्दानची गिटार नीट ऐकलीत? आधीचा गिटारवाला सिविले राकट वाजवायचा, मजा यायची. रोल्दान सरळ थ्रॅशकडे, म्हणजे मेटलच्या वेगवान प्रकाराकडे झुकलाय आणि त्याचा उजवा हात कुठे ढिला पडत नाही. आग १९८३च्या पहिल्या अल्बममध्ये जास्त, वाजवणं इथे सरस.

पेठेतलं_भूत:
फर्मान माझंच, आणि कायम आहे. १९८२ला लष्कर अजून सत्तेवर असताना ही पोरं ब्युनोस आयर्सच्या बी. ए. रॉक महोत्सवात हिप्पी पब्लिकच्या शिव्या खात उभी राहिली. पहिल्या अल्बमवर 'तोर्तुरादोर', म्हणजे छळ करणारा. तेही त्या देशात, त्या वर्षी! आणि तीन वर्षांत गाडी कुठे आली? 'ला ग्रान रामेरा'. बायबलातली बाबिलोनची वेश्या. उतरती कळा नाही तर काय?

डबलबेस_कोल्हापूर:
देव आला की संगीत मेलं, हा कुठला जावईशोध? आमचे आजोबा कीर्तनकार. उत्तररंगात पाप्यांवर तुटून पडायचे तेव्हा मागच्या रांगेतले पेंगणारेही ताठ बसायचे. व्ही-८चा गायक सामारबिदे तेच करतोय. आणि सगळं खापर त्याच्यावर नको, शब्द बेसवाला इओरिओही लिहायचा.

पेठेतलं_भूत:
आजोबांना नमस्कार. पण तुम्हाला स्पॅनिश येतं का? भाषांतर वाचून उत्तररंग कळला होय?

हेडफोनवाली:
भाषेचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. ते लोक पहिल्यापासून स्वतःच्या भाषेत गायले. आपण? कॉलेजात मी बँडमध्ये गायचे. सगळं इंग्रजीत, तेही उसन्या अमेरिकन उच्चारात. एकदा गॅदरिंगला हट्टाने मराठी गाणं घेतलं, तर पहिल्याच किंकाळीला पब्लिक हसलं. ड्रमरसुद्धा हसला! पुढच्या वेळी गुपचूप इंग्रजी. मराठीत मेटल रुजत नाही ते आपल्याच लाजेमुळे.

रिकामटेकडा:
लाज कसली, त्यांना युद्धाने ढकललं. १९८२ला माल्विनास, म्हणजे फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशी जुंपली, रेडिओवर इंग्रजी गाणी बंद, म्हणून स्पॅनिश रॉकचं फावलं.

हेडफोनवाली:
फावलं, जन्मलं नाही. त्यांच्याच लोस गातोस बँडचं 'ला बाल्सा' हे स्पॅनिश गाणं १९६७चं आहे. तेव्हा कुठलं युद्ध होतं? आधी माहिती घ्या, मग बायकांना शिकवा.

रिकामटेकडा:
बाई-पुरुष कुठून आलं यात? पण मराठीत 'मरण' ओरडलं की लोकांना नाटक आठवतं, त्याला मी काय करू?

हेडफोनवाली:
तुम्ही हसू नका, एवढंच करा.

डबलबेस_कोल्हापूर:
अहो, व्ही-८ राहिला बाजूला! मुद्दा साधा आहे. बँड फुटल्यावर इओरिओने एर्मेतिका हा नवा बँड काढला, कष्टकऱ्यांची, रस्त्यावरची गाणी. सामारबिदे आणि रोल्दान लोगोस या दुसऱ्या बँडमध्ये, तिथे श्रद्धा उघडपणे. तिसऱ्या अल्बममध्ये हे दोन्ही रस्ते एकाच स्टुडिओत कोंडलेत. विस्कळीत वाटतो तो त्यामुळे, आणि मला तर तोच ओढून नेतो.

पेठेतलं_भूत:
म्हणजे बँड मोडायला आला होता म्हणून अल्बम चांगला. धन्य. बरं, रोल्दानची गिटार दिली तुम्हाला, ठेवा. पण ते ड्रम विहिरीत बसून वाजवल्यासारखे येतात, त्याचाही दोष माझ्या स्पॅनिशला देणार का?

रिकामटेकडा:
तुम्ही कुठली कॉपी ऐकताय? बहुतेक कॅसेटवरून उतरवलेली.

पेठेतलं_भूत:
झालं, आता माझी कॉपी वाईट!