एड मॅक्बेनची ८७व्या ठाण्याची मालिका: कुठून सुरुवात करावी?

वाचनभुंगा: एकाच काल्पनिक शहरात घडणारी, पोलीस तपासावरची डार्क मालिका हवी आहे. मॅक्बेनचं नाव सगळे घेतात, पण पन्नासच्या वर पुस्तकं बघूनच धडकी भरते. ओळीनेच वाचायला हवीत का? आणि त्यातलं आयसोला शहर म्हणजे न्यूयॉर्कच ना? कृपया रहस्यं फोडू नका.

खिळेमोळे: सगळी ओळीने वाचायची गरज नाही. प्रत्येक पुस्तकात गुन्ह्याचा निकाल लागतो. पण सुरुवात 'कॉप हेटर' (१९५६) पासूनच करा. उन्हाळ्याची काहिली, पोलिसांचे खून पडताहेत आणि ठाण्यातले सगळे हवालदिल. मालिकेतला मुख्य डिटेक्टिव्ह कॅरेला आणि त्याची प्रेयसी टेडी, दोघांची वाचकाला ओळख इथेच होते. लगेच 'द मगर' घ्या, तेही १९५६चंच. बर्ट क्लिंग गणवेशातला साधा शिपाई असतो, तो इथे पुढे येतो आणि त्याची प्रेयसी क्लेअर त्याला इथेच भेटते. हे न वाचता 'लेडी, लेडी, आय डिड इट!' (१९६१) उचललंत तर त्यातला घाव तुम्हाला लागणारच नाही. क्रम पाळायचा तो एवढ्याचसाठी.

त्यानंतर 'किलर्स वेज' (१९५९). एक बाई पिस्तूल आणि नायट्रोग्लिसरीनची बाटली घेऊन डिटेक्टिव्हांच्या खोलीत येऊन बसते. तिला कॅरेला हवाय आणि तो बाहेर, बंद खोलीतल्या एका मृत्यूच्या तपासात अडकलेला. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत संपतं.

गल्लीबोळ: शहराबद्दल एक दुरुस्ती. आयसोला हा शहराचा फक्त एक भाग, मॅनहॅटनच्या जागी असलेला. बाकीचे चार रिव्हरहेड, काम्स पॉइंट, मॅजेस्टा आणि बेथटाउन. म्हणजे ब्राँक्स, ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टेटन आयलंड. सबंध शहराला नावच नाही. न्यूयॉर्कचा नकाशा पाव फेरा फिरवून ठेवलाय, त्यामुळे खरा नकाशा शेजारी उघडून वाचायला बसलात तर दिशांचा घोळ होणारच. काल्पनिक शहराचा फायदा उघड आहे: लेखक हवी तिथे गल्ली काढतो, पण तपासाची पद्धत मात्र खरी ठेवतो. शवविच्छेदनाचे अहवाल, अटकेचे फॉर्म पानावर जसेच्या तसे छापलेले असतात. मोबाइलवर ते अक्षर फार बारीक दिसतं, छापील प्रत मिळाली तर तीच घ्या.

वाचनभुंगा: आणि तो पुन्हा पुन्हा येणारा खलनायक, 'डेफ मॅन', कुठे येतो?

खिळेमोळे: 'द हेकलर' (१९६०) मध्ये पहिल्यांदा. पुढचं 'फझ' (१९६८): पाच हजार डॉलर द्या, नाहीतर पार्क कमिशनरला मारतो, अशी धमकी. रक्कम इतकी फुटकळ की कोणी मनावर घेत नाही. या दोघांचा क्रम मात्र उलटा करू नका.

रातकिडा: डार्क हवं असेल तर 'ही हू हेझिटेट्स' (१९६५). यात कॅमेरा पोलिसांकडे नाहीच. शहरात आलेल्या एका माणसाच्या डोक्यात आपण बसतो, ठाण्यातली माणसं लांबून दिसतात. मागचं कव्हर अजिबात वाचू नका. 'सेडी व्हेन शी डाइड' (१९७२) सुद्धा. आपल्या झुंजारसारखा एकटा नायक मात्र यात शोधू नका. इथे नायक म्हणजे अख्खं ठाणं.

गल्लीबोळ: 'किंग्ज रॅन्सम' (१९५९) राहिलं. अपहरण करणारे श्रीमंताच्या मुलाऐवजी चुकून ड्रायव्हरच्या मुलाला उचलतात. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने यावरून १९६३ मध्ये 'हाय अँड लो' केला आणि शहर योकोहामा केलं. आधी पुस्तक, मग सिनेमा. अर्थात सिनेमा पुस्तकाच्या पुढे जातो, हे माझं मत.

खिळेमोळे: सहमत. आणि सलग चार-पाचच्या वर घेऊ नका. हवामानाचं वर्णन, ठाण्यातल्या मायर मायर या डिटेक्टिव्हच्या नावाचा किस्सा पुन्हा पुन्हा येतो, मग कंटाळा मालिकेवर निघतो. मध्ये दुसरं काहीतरी वाचा. शेवटचं 'फिडलर्स' २००५चं आहे, घाई कसली?