मदत हवी आहे: चौथीला अफझलखानाचा धडा शिकवताना

चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मधला प्रतापगडचा धडा (१६५९) मिश्र वर्गात घेताना नेमकी एक अडचण येते. खानाचं नाव आलं की चार-पाच माना वर्गातल्या मुस्लीम मुलांकडे वळतात आणि मधल्या सुट्टीत 'तुमचा खान' सुरू होतं. नाट्यीकरणात खान त्यांच्यापैकीच कुणाला केलं, तर संपलंच!

यावर सिद्दी इब्राहीम, दौलतखान, काझी हैदर अशी शिवरायांच्या पदरी असलेल्या मुस्लिमांची यादी वाचून दाखवणं हा ठरलेला उपाय. मला तो अपुरा वाटतो. त्यातून 'चांगले' आणि 'वाईट' असे दोन गट होतात नि त्या मुलांवर आपली बाजू सिद्ध करायचं ओझं येतं.

म्हणून ३५ मिनिटांच्या दोन तासिका अशा आखल्यात: आधी नकाशात आदिलशाही, मुघल आणि स्वराज्य तीन रंगांत, मग कोण कुणाच्या चाकरीत, याचा तक्ता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, पुरंदरच्या तहावेळी (१६६५) मुघल फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग. हे मुलांनीच भरायचं. वध दुसऱ्या तासिकेत.

हवंय ते असं: चौथीच्या मुलाला वाचता येईल असा मोठ्या अक्षरांतला कोरा नकाशा कुणाकडे आहे का? 'चाकरी', 'वतन' नऊ वर्षांच्या मुलांना कसं समजावता? आणि टोमणा भर वर्गात आला, तर तिथेच थांबवता की नंतर बोलता? उर्दू माध्यमातल्या शिक्षकांनी जरूर लिहावं.